कॉनराड यांच्या प्रश्नाविषयी मित्रास पत्र

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परदेशांच्या राज्यघटना अभ्यासण्यात हयात घालवणाऱ्या प्राध्यापकाच्या हातून शेवटी काय घडते, असे तू विचारलेस. हाच विषय शिकवत आल्यामुळे मला लगेच हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेतील प्राध्यापक डीट्रिश कॉनराड आठवले.

फेब्रुवारी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी घटनादुरुस्तीच्या अधिकारातील अध्याहृत, म्हणजे शब्दांत न लिहिलेल्या पण गृहीत असलेल्या, मर्यादांवर व्याख्यान दिले. दोन-तृतीयांश बहुमताच्या बळावर संसदेला जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण करणारा अनुच्छेद २१ काढून टाकता येईल का, देशाचे दोन भाग करता येतील का, मोगलांची किंवा इंग्लंडच्या राजाची सत्ता परत आणता येईल का, असे त्यांनी विचारले. हे प्रश्न आपल्याला टोकाचे वाटतील. पण ते एका जर्मन अभ्यासकाचे होते. हिटलरपूर्व जर्मन प्रजासत्ताकाच्या, म्हणजे वायमार घटनेच्या काळात दुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा नाही असेच प्रचलित मत होते, आणि हिटलरच्या सरकारला कायदे करण्याची मुभा देणारा मार्च १९३३ चा कायदाही दोन-तृतीयांश मतांनीच संमत करून घेण्यात आला होता. त्या अनुभवातूनच जर्मनीच्या १९४९ च्या घटनेत काही तत्त्वे दुरुस्तीच्या कक्षेबाहेर ठेवणारे कलम आले. आपल्या घटनेत तसे कलम नाही. म्हणून कॉनराड यांनी मुळालाच हात घातला: ज्या घटनेने अधिकार दिला, तिचेच आधारस्तंभ तो अधिकार कसे पाडू शकेल?

१९६७ च्या गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे वकील एम. के. नंबियार यांनी हा युक्तिवाद मांडला. सरन्यायाधीश सुब्बाराव यांना त्यात बळ दिसले, पण त्यावर निर्णय देण्याची गरज त्यांना वाटली नाही. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा मतांनी मूलभूत चौकटीचे तत्त्व, म्हणजे घटनादुरुस्ती करूनही घटनेची मूळ चौकट मोडता येत नाही हे तत्त्व, स्वीकारले, तेव्हा न्यायमूर्ती खन्ना यांनी कॉनराड यांच्या लेखाचा आधार घेतला. सगळे श्रेय मात्र हायडेलबर्गला देणे मला पटत नाही. आपल्या विदर्भाचे न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर यांनी सज्जनसिंग खटल्यात, म्हणजे त्या व्याख्यानाच्याही आधी, घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यांचा प्रश्न उपस्थित केला होता, आणि तोही पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ चा निकाल वाचून. पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड १९७३ मध्ये केशवानंद खटल्यात अल्पमतात होते. १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालात त्याच तत्त्वाच्या आधारे त्यांनी दुरुस्तीच्या अधिकाराचे मर्यादित स्वरूप हेच घटनेचे मूलभूत लक्षण ठरवले.

पुढे बांगलादेशाने १९८९ मध्ये हे तत्त्व स्वीकारले, तर केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते आपल्या देशाला लागू नसल्याचे सांगितले. हा नकारही मला तितकाच मोलाचा वाटतो, कारण तोसुद्धा भारताचा निकाल बारकाईने तपासूनच दिलेला आहे.

पुढच्या आठवड्यात वर्गात मी मुधोळकरांचे निकालपत्र वाचून दाखवणार आहे आणि त्यानंतर कॉनराड यांचे प्रश्न. जमले तर तूही ये; विद्यार्थी काय उत्तरे देतात ते आपण दोघेही ऐकू.

तुझा मित्र