रिकामा रकाना रिकामाच राहू द्या : सांख्यिकी मंत्र्यांना खुले पत्र

माननीय सांख्यिकी मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

महागाई मोजणाऱ्या ग्राहक किंमत निर्देशांकासाठी किरकोळ दुकानांतून भाव गोळा करण्याचे काम मी अनेक वर्षे केले. आधी हातात कागदाचा तक्ता असे, नंतर टॅब आला. दुकाने ठरलेली, वस्तू ठरलेल्या आणि महिन्यातले दिवसही ठरलेले. आता मी त्या कामातून बाहेर पडले आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते. माझी मागणी एकच आहे. ज्या वस्तूचा भाव त्या दिवशी मिळाला नाही, तिच्यापुढचा रकाना रिकामा ठेवण्याची मुभा भाव टिपणाऱ्याला द्या, आणि रकाना रिकामा ठेवला म्हणून त्याला जाब विचारू नका.

एवढ्याशा गोष्टीसाठी मंत्र्यांना पत्र कशाला, असे वाटेल. पण महागाई भत्ता, निवृत्तिवेतनातली वाढ, मजुरीचे करार, मध्यवर्ती बँकेचे व्याजदर हे सगळे बहुतेक देशांत ज्या आकड्याकडे बघून ठरते, तो आकडा शेवटी अशाच रकान्यांमधून तयार होतो. वरच्या मजल्यावर गणित कितीही चोख असले, तरी खालून आलेला भाव खरा नसेल तर ते गणित काय करणार?

तो भाव खोटा कसा होतो, ते सांगते. खोटे लिहा असे कोणीही सांगत नाही. महिनाअखेर आलेली असते, दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी असते. दुकानदार वजनकाट्यावरून मान वर न करता म्हणतो, "काही बदल नाही ताई, मागच्याच वेळचा टाका ना." त्याचे चूक नाही. त्याचा धंद्याचा वेळ मी घेत असते आणि त्याला त्यातून काही मिळत नसते. मी फळीकडे बघते, तर ती वस्तू तिथे नसतेच. संपलेली असते, किंवा महिनाभर आलेलीच नसते. टॅबवरचा फॉर्म रकाना भरल्याशिवाय पुढे सरकत नाही. रिकामे रकाने जास्त झाले तर कार्यालयातून फोन येतो, "कव्हरेज कमी का?" मग बोट आपोआप मागच्या महिन्याच्या आकड्याकडे वळते. हे मीही केले आहे. ते आजही मनाला लागून राहिले आहे, म्हणून हे पत्र.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. भाव एकदम वाढलेला किंवा उतरलेला लिहिला, की फॉर्मवर लाल खूण येते आणि पर्यवेक्षक खुलासा मागतात. भाव जसाच्या तसा लिहिला तर कोणी काही विचारत नाही. म्हणजे खऱ्या बदलासाठी उत्तर द्यावे लागते आणि "बदल नाही" हे उत्तर बिनबोभाट स्वीकारले जाते. नवीन आलेली मुलगी दोन-तीन महिन्यांत हे शिकते. तिला हे कुणी शिकवलेले नसते. जो भाव सहा महिने जागचा हललेला नाही, त्याचीही तितकीच कसून तपासणी व्हायला हवी.

मागचा भाव पुढे ओढल्याने काय होते ते एका साध्या हिशेबात दिसते. एका वस्तूसाठी दहा दुकाने आहेत असे धरा. सात दुकानांत भाव 10 टक्क्यांनी वाढला. उरलेल्या तिघांत माल नव्हता, म्हणून तिथे मागचाच भाव लिहिला. सरासरी वाढ 7 टक्क्यांच्या आसपास दिसते, आणि जी 3 टक्के वाढ गडप झाली ती कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. पुढच्या महिन्यात त्या तिघांकडे माल येतो, वाढलेल्या भावानेच. तेव्हा निर्देशांक उडी घेतो, आणि जी वाढ आधीच होऊन गेली ती या महिन्यात झाली असे छापून येते. रकाने रिकामे ठेवले असते, तर कार्यालयाला बाकी सात दुकानांवरून अंदाज बांधता आला असता आणि वाढ ज्या महिन्याची त्याच महिन्यात दिसली असती. शिवाय टंचाईच्या काळात फळीवरून नाहीशी होते ती बहुधा भाव चढत असलेलीच वस्तू. म्हणजे आकडा सगळ्यात जास्त चुकतो तो नेमका लोकांना त्याची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा.

हे माझे एकटीचे मत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, जागतिक बँक यांच्यासह सहा आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून या निर्देशांकाची मार्गदर्शक पुस्तिका काढली आहे. तिची 2020 ची आवृत्ती हेच सांगते, की सरकारने ठरवून दिलेल्या भावांसारखे अपवाद सोडले तर मागचा भाव पुढे ओढू नये. त्याच वर्षी साथीमुळे जगभर दुकाने बंद पडली आणि भाव टिपणारे घरी बसले. तेव्हा युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाने अंदाजाने भरलेल्या आकड्यांवर वेगळी खूण केली. ब्रिटनच्या कार्यालयाने त्या महिन्यांत न मिळालेल्या वस्तूंची यादीच जाहीर केली. यामुळे त्यांच्या आकड्यांची किंमत कमी झाली नाही. आपल्या खात्यानेही दर महिन्याच्या निर्देशांकाबरोबर, किती भाव प्रत्यक्ष दुकानात टिपले आणि किती अंदाजाने भरले, एवढे दोन आकडे छापावेत. वाचणाऱ्याला ते समजते.

रिकाम्या रकान्याइतकाच महत्त्वाचा आहे त्याच्या शेजारचा शेऱ्याचा रकाना. जर्मन अर्थशास्त्रज्ञ एटिएन लास्पेयर यांनी 1871 मध्ये मांडलेली कल्पना, म्हणजे ठरलेल्या वस्तू ठरलेल्या प्रमाणात घेऊन त्यांचा आजचा आणि पूर्वीचा खर्च ताडून पाहणे, आजही बहुतेक देशांच्या निर्देशांकाच्या मुळाशी आहे. पण वस्तू ठरलेली राहत नाही. अंगाच्या साबणाची 100 ग्रॅमची वडी 90 ग्रॅमची होते, वेष्टन तेच आणि किंमतही तीच. बारीक अक्षरातले वजन वाचले नाही तर भाव स्थिर, वाचले तर 11 टक्क्यांहून थोडी जास्त वाढ. हे फक्त वडी हातात घेऊन पाहणाऱ्यालाच कळते. शर्टाचे कापड पातळ झाले, वहीची पाने कमी झाली, जुना नमुना बंद होऊन त्या जागी दुसराच आला, हेही तसेच. नवा नमुना जुन्याच्या तोडीचा आहे की वेगळाच, हे कार्यालयात बसलेला तज्ज्ञ फक्त माझ्या शेऱ्यावरून ठरवू शकतो. आणि शेरा लिहायला मला मिळत असत जेमतेम दोन मिनिटे, कारण दिवसाच्या दुकानांची संख्या ठरवताना शेऱ्यांचा वेळ धरलेलाच नव्हता.

दुकानाच्या बिल करणाऱ्या यंत्रातून थेट आकडे घेतले की हा प्रश्न संपेल, असे आता बरेच जण म्हणतात. मोठ्या दुकानांपुरते ते आकडे जरूर घ्यावेत, काही देश ते वर्षानुवर्षे वापरत आहेत. पण ज्या छोट्या दुकानात असे यंत्रच नाही, तिथे कोणीतरी पायी जाऊन विचारावेच लागते.

शेवटचा विषय विश्वासाचा. दुकानदार मला भाव सांगत, कारण त्यांचे नाव कुठेही जाणार नाही असा शब्द मी दिलेला असे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 2014 मध्ये मान्य केलेल्या अधिकृत सांख्यिकीच्या मूलभूत तत्त्वांत ही गुप्तता आहेच. ती मोडली की काय होते हे अर्जेंटिनाने पाहिले. तिथे 2007 च्या सुरुवातीला सरकारने किंमत निर्देशांकाच्या कामात हस्तक्षेप केला, सर्वेक्षणातल्या दुकानांची नावे मागितली आणि निर्देशांकाच्या प्रमुख अधिकारी बाईंना पदावरून हटवले. पुढे 2013 मध्ये नाणेनिधीने त्या देशाच्या आकड्यांबद्दल औपचारिक निषेध नोंदवला. तो मागे घेतला जायला 2016 उजाडले. आपल्याकडून अशी मागणी कधी होणार नाही असा माझा विश्वास आहे, पण तसे लेखी आदेशात असेल तर भाव टिपणाऱ्या मुलीला दुकानदारासमोर ठामपणे उभे राहता येईल.

म्हणून विनंती अशी, की फॉर्मच्या पुढच्या आवृत्तीत "माल नाही" हा पर्याय पहिल्याच पानावर असू द्यावा, "दुकान बंद" आणि "नमुना बदलला" त्याच्या खालीच, आणि त्यांपैकी काहीही निवडले तर फॉर्म न अडता पुढे जावा. शेऱ्याला निदान चार ओळींची जागा हवी. कामाचे मोजमाप करताना भरलेले रकाने मोजू नयेत. हा बदल करणाऱ्या समितीत दुकानांत रोज जाणाऱ्या दोघीतिघींना तरी बसवावे. कोणते दुकान कोणत्या वेळी मोकळे असते आणि कोणत्या वस्तूचे वजन गेल्या वर्षात दोनदा बदलले, हे त्यांना तोंडपाठ असते.

आपली नम्र,
एक माजी भाव-संकलक