गृहमंत्री साहेब, ‘शोध सुरू आहे’ एवढ्यावर भागत नाही

मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री तथा गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

आमच्या बीड जिल्ह्यातल्या, केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना ९ डिसेंबर २०२४ ला भरदुपारी टोलनाक्याजवळून गाडीत घालून नेलं आणि दिवस मावळायच्या सुमारास त्यांचा मृतदेह सापडला. त्यानंतर काय काय झालं ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पवनचक्की कंपनीकडे दोन कोटींची खंडणी मागितल्याचा गुन्हा, सीआयडी, एसआयटी, मकोका म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, आठ जणांवर दोषारोपपत्र. सात आत गेले. आठवा महिनोन्महिने सापडला नाही.

मी लिहितोय ते या आठव्यावरून. त्याचं नाव इथे घेत नाही, ते घेऊन घेऊन आमच्या जिल्ह्याची तोंडं दुखली आहेत. तो सापडत नव्हता तेव्हा इथल्या माणसांनी एकमेकांचं काय करून घेतलं आणि सरकारने ते कसं होऊ दिलं, हे आपल्या कानावर घालायचं आहे.

सुरुवात फरारीच्या पहिल्या अध्यायापासून करतो. खंडणीच्या गुन्ह्यात नाव आल्यावर मंत्री धनंजय मुंडे यांचा निकटवर्तीय वाल्मिक कराड जवळपास तीन आठवडे पोलिसांना सापडला नाही. रोज बातमी एकच, ‘पथकं रवाना.’ ३१ डिसेंबरला तो स्वतः गाडीत बसून पुण्यात सीआयडीच्या कार्यालयात हजर झाला, त्याआधी त्याचा व्हिडिओ लोकांच्या मोबाईलवर पोचला होता. ज्याला सगळं पोलीस खातं शोधत होतं तो आपल्या सोयीने येतो, हे अख्ख्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितलं. आदल्याच आठवड्यात, २८ तारखेला, बीडमध्ये मोर्चा निघाला होता. मोर्चाचा आणि शरण येण्याचा काही संबंध नाही असं कोणी सांगितलं तर आमच्याकडे ते कोणाला पटणार नाही. लोक रस्त्यावर उतरले नसते तर हे प्रकरण केजच्या पुढे गेलं नसतं, असं मीही मानतो. तेव्हा लोकांचा संताप चुकीचा होता असं सांगायला मी आलेलो नाही.

पण त्या दिवशी ‘शोध सुरू आहे’ या वाक्याची पत गेली. आठव्या आरोपीबद्दल पोलिसांनी तेच वाक्य पुन्हा वापरलं आणि ते कोणी ऐकूनसुद्धा घेतलं नाही. त्याला लपवलंय. त्याला संपवलंय. तो जिवंत राहिला तर ‘आका’, म्हणजे यामागचे बडे लोक, अडचणीत येतील. चहाच्या टपरीवर ज्याला त्याला आतली बातमी माहीत. डिसेंबरअखेरीला एका सामाजिक कार्यकर्त्या बाईंना फोन आला म्हणे, की तेव्हा फरार असलेल्या तिन्ही आरोपींचा खून झाला. दिवसभर वाहिन्यांवर तेच. पुढच्या आठवड्यात, ४ जानेवारीला, त्यातले दोघे पुण्यात पकडले गेले, चांगले धडधाकट. अफवा तिथेच मरायला हवी होती. उलट राहिलेल्या तिसऱ्याच्या अंगावर ती चढली आणि आणखी पक्की झाली. मार्चमध्ये तो नाशिकच्या गंगापूर रोडवर दिसल्याचा दावा झाला, पोलीस सीसीटीव्ही तपासत फिरले, हाती काही लागलं नाही. त्या दाव्याची शहानिशा होऊन शेवटी काय निघालं, हे कोणी आम्हाला बीडमध्ये समजावून सांगितल्याचं मला आठवत नाही. दावा मोठ्या अक्षरात आणि निकाल बारीक अक्षरात, किंवा नाहीच.

फरार माणसाचा पत्ता माहीत नसला की लोक त्याची जात शोधतात. आमच्याकडे तेच झालं. १३ जानेवारीला मस्साजोगमध्ये संतोष यांचे बंधू न्यायासाठी पाण्याच्या टाकीवर चढले. दुसऱ्या दिवशी कराडवर मकोका लागला आणि परळीत त्याच्या समर्थकांनी बंद पाळला. एका जिल्ह्यातली दोन गावं, अंतर फार नाही, आणि मध्ये मोबाईलवरून रोज विष वाहतंय. वर्षानुवर्षं एकमेकांच्या लग्नात पंगतीला बसलेली माणसं आडनाव बघून बोलायला लागली. आठ आरोपी म्हणजे आठ माणसं. मराठ्यांच्या वा वंजाऱ्यांच्या वतीने कोणी त्यांना पाठवलं नव्हतं, हे सांगायला खरं तर मुख्यमंत्र्यांनी परळीत आणि केजमध्ये लागोपाठ दोन सभा घ्यायला हव्या होत्या. तेव्हा नव्याने आलेले बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नावाच्या पट्टीवरून आडनाव काढून टाकलं. चांगलं केलं. (काही जणांनी पट्टीवरच्या पहिल्या नावावरूनही जात ओळखून दाखवली, तो भाग वेगळा.) पण पट्टीवरून आडनाव काढण्याआधी लोकांना पोलिसांकडून माहिती मिळाली असती, तर आडनावाचं एवढं प्रस्थ माजलं नसतं.

‘बीडचा बिहार झाला’ हे आणखी एक. ते म्हणणाऱ्यांनी बिहार बघितलेला नसतो आणि बीडही. पुण्यात शिकणारी आमची मुलं हल्ली गाव विचारलं की तालुका सांगतात, जिल्हा टाळतात.

मग ३ मार्च २०२५. संतोष यांना केलेल्या मारहाणीचे फोटो बाहेर आले. ते कुठून बाहेर आले या वादात मी जात नाही. पण एका रात्रीत ते फोटो अंगणवाडीच्या ग्रुपपासून क्रिकेटच्या ग्रुपपर्यंत फिरले, कुटुंबाने ते पाहावेत की नाही हा प्रश्न कोणी विचारला नाही. दुसऱ्या दिवशी मंत्री धनंजय मुंडे यांचा राजीनामा आला. म्हणजे लोकांनी काय धडा घेतला? सरकार फोटो व्हायरल झाल्यावर हलतं. हा धडा फार घातक आहे, कारण पुढच्या प्रकरणात प्रत्येक जण फोटोच शोधेल. आपल्या खात्याने त्या रात्री पुढे येऊन एवढं तरी सांगायला हवं होतं की हा पुरावा न्यायालयात आहे, तो पुढे पाठवू नका, पाठवाल तर कारवाई होईल.

आता मागणीचं बोलतो. बक्षीस जाहीर झालं, पोस्टर लागली, ठीक. फरार आरोपीबद्दल पोलीस अधीक्षकांनी दर महिन्याला ठरलेल्या तारखेला लेखी निवेदन काढावं, मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येईल असं. तपासाची गुपितं कोणी मागत नाही. किती खबरी आल्या, किती तपासल्या, त्यातल्या किती खोट्या निघाल्या, एवढं सांगायला काय हरकत आहे? ‘नाशिकचा दावा तपासला, तो माणूस वेगळा होता’ हे एक वाक्य दहा चर्चासत्रांपेक्षा जास्त काम करतं. कायद्याने काय केलं तेही सांगा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ८४ आरोपीला फरारी घोषित करण्याचं आहे, ८५ मालमत्ता जप्तीचं. जाहीरनामा कधी निघाला, काय जप्त झालं, हे लोकांना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरून शोधायला लागू नये.

आणि कलम ३५६ लोकांना समजावून सांगा, साहेब. आमच्याकडे सर्रास समज आहे की एक जण सापडला नाही तर खटला लोंबकळेल आणि बाकीचे त्याच्या नावावर सुटतील. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेत घोषित फरारीच्या गैरहजेरीतही खटला चालवता येतो. वॉरंट, वर्तमानपत्रातली नोटीस, आरोपनिश्चितीनंतर ९० दिवसांची वाट, आरोपीला सरकारी खर्चाने वकील, अशा अटी त्यात आहेत, आणि त्या असायलाच हव्यात. ही गोष्ट विशेष सरकारी वकिलांच्या तोंडून एकदा केजच्या बाजारात ऐकू आली असती तर निम्म्या अफवांचा जोर ओसरला असता.

शेवटची मागणी त्या दुपारची. अपहरण आणि मृतदेह सापडणं यात साधारण तीन तास गेले. तक्रार घ्यायला पोलिसांनी वेळ लावला असा कुटुंबाचा आरोप आहे, एका उपनिरीक्षकाला निलंबित केलं गेलं, एका निरीक्षकाला सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं. त्या तीन तासांचा मिनिटनिहाय हिशेब जाहीर करा. पहिला फोन किती वाजता आला, ठाण्याच्या डायरीत नोंद किती वाजता झाली, नाकाबंदीचा आदेश कोणी आणि कधी दिला, की दिलाच नाही. उद्या माझ्या गावातून कोणाला उचलून नेलं तर केजच्या ठाण्यात पहिल्या दहा मिनिटांत काय व्हायला हवं, हे त्या हिशेबावरून ठरवा आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक ठाण्याच्या दारावर लिहून लावा.

कळावे,
बीड जिल्ह्यातला एक मतदार