शिरोडकरची बाजू कुणी लिहायची?

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘हल्ली मुले वाचत नाहीत’ अशी हळहळ पुन्हा एकदा वाचली. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात १९ वर्षे ग्रंथपाल आहे. मुले वाचतात. देवघेवीच्या रजिस्टरात ती दिसत नाहीत, एवढेच.

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’चे उदाहरण देते. नववीतल्या मुकुंद जोशीची आणि त्याला आवडणाऱ्या शिरोडकर या वर्गातल्या मुलीची ही कादंबरी २००४ सालची. २०१२ मध्ये तिच्यावरचा चित्रपट आला, तेव्हा मागणी वाढली म्हणून आम्ही दुसरी प्रत घेतली. तिच्या शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी बघितली तर गेल्या पाच-सहा वर्षांत जेमतेम दहा शिक्के. पण प्रत हातात घ्या. शिवण उसवली आहे, कडा काळ्या पडल्या आहेत आणि मधल्या एका पानावर तेलकट बोटांचा ठसा आहे, बहुधा दिवाळीच्या सुट्टीतला. हे पुस्तक घरी जातच नाही. कथा-कादंबऱ्यांच्या दोन कपाटांमधल्या बोळात उभ्याउभ्या वाचले जाते. कारण कार्ड वडिलांच्या नावाचे असते आणि घरी नेलेले पुस्तक टीव्हीपाशी, सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवावे लागते.

दोन वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी अशीच त्या बोळात उभी राहायची. भर एप्रिलमध्ये पूर्ण बाह्यांचा ड्रेस. हातावरची लव दिसू नये म्हणून, हे तिनेच पुढे कधीतरी सांगितले. घरात धाकटी बहीण गोरी, त्यामुळे पाहुणे आले की हिला चहा घेऊन पाठवायचे नाही असा अलिखित नियम. मी एकदा स्टूल नेऊन दिले तर दोन दिवस आलीच नाही! तिसऱ्या दिवशी आली, पुस्तक संपवले आणि काउंटरवर येऊन विचारले, “मॅडम, शिरोडकरला जोशी खरंच आवडत होता का? तिनं स्वतः कुठं सांगितलंच नाही.”

मी ‘शाळा’ चार वेळा वाचली आहे. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

कादंबरी मुकुंद जोशी सांगतो. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, सगळे एकमेकांना आडनावाने हाक मारणारे. ‘लाइन’ देणे-घेणे, मित्र सुऱ्याचे केवडा या मुलीपायी वेडे होणे, नरुमामाशी होणाऱ्या मोकळ्या गप्पा. हे सारे जोशीच्या डोळ्यांनी दिसते आणि इतके खरे दिसते की आपण दुसरीकडे बघतच नाही. शेवटी शिरोडकर निघून जाते. तिला काय वाटले, आरशात बघताना ती स्वतःला काय म्हणायची, ते तिच्याबरोबरच जाते. प्रकाश नारायण संतांचा लंपनही तसाच. ‘वनवास’मधल्या (१९९४) गोष्टींत सुमीबद्दल त्याच्या मनात जे चालते ते त्यालाही धड सांगता येत नाही, आणि त्या अडखळण्यातच सगळी गोडी आहे. पण सुमीचे काय? या दोन्ही लेखकांविषयी माझी तक्रार नाही. त्यांना जे ठाऊक होते ते त्यांनी जीव ओतून लिहिले. चौदा वर्षांच्या मुलाची भीती मला त्यांच्यामुळे कळली, घरात मुलगा वाढवताना उपयोगी पडली.

माझी अडचण कपाटाची आहे. बालविभाग फास्टर फेणेपाशी संपतो आणि त्यानंतर एकदम ऐतिहासिक कादंबऱ्यांचे जाडजूड ठोकळे. तेरा ते सतरा या वयासाठी मी एक फळी मोकळी केली. ती भरताना लक्षात आले की मुलग्यांनी सांगितलेले थोडे तरी आहे, मुलीने ‘मी’ म्हणून सांगितलेले हाताला लागत नाही. मुरुम, पाळी, रंग, वर्गातल्या कुणाचा तरी आवाज ऐकू आला की उगाच दप्तर आवरत बसणे, हे सगळे आठवून लिहिणाऱ्या बायका मराठीत नाहीत असे कसे म्हणू? लिहितात, पण मोठ्यांसाठी. तोवर नायिकेचे लग्न झालेले असते.

गंमत म्हणजे ज्या १९६७ साली आपला ग्रंथालय कायदा झाला, त्याच साली अमेरिकेत एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ आली. लिहायला घेतली तेव्हा त्या शाळेत होत्या, छापून आली तेव्हा १८ वर्षांच्या. पण लेखिका मुलगी आहे म्हणून पुरुष समीक्षक कादंबरी बाजूला सारतील, या भीतीने प्रकाशकाच्या सुचवण्यावरून मुखपृष्ठावर पहिल्या नावाऐवजी नुसती आद्याक्षरे आली. आणि कादंबरी सांगतो कोण, तर चौदा वर्षांचा मुलगाच! म्हणजे तिकडेही सुरुवात अशीच.

माझ्या त्या फळीवर आक्षेप आलाच. एक सभासद काउंटरवर हात आपटून म्हणाले, “असली पुस्तकं पोरींच्या हाती देता?” त्यांच्या स्वतःच्या खात्यावर कॉलेजच्या दिवसांत काय काय गेले आहे ते जुन्या रजिस्टरात आहे. ग्रंथपालाने तेवढे पोटात ठेवायचे असते. मी ठेवले.

कार्यकारिणीकडे दोन गोष्टी मागितल्या आहेत. तेरा वर्षांपुढच्या मुलांना स्वतःच्या नावाचे कार्ड द्यावे, आणि वाचनालयात बसून वाचलेल्या पुस्तकांची वेगळी वही असावी, जिच्यात पुस्तकाचे नाव लिहायचे, वाचणाऱ्याचे नाही. कार्डाचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. वही मी कुणाला न विचारता सुरू केली. पहिल्या महिन्यात ३७ नोंदी झाल्या, त्यातल्या ११ ‘शाळा’च्या.

ती मुलगी आता अकरावीला, क्लाससाठी सांगलीत. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी अजून दिलेले नाही. आमची पुस्तकखरेदी मार्चच्या आत उरकावी लागते. मुलीने स्वतः सांगितलेली अशी मराठी कादंबरी आपल्या वाचकांपैकी कुणाच्या माहितीत असेल, तर तिचे नाव याच सदरातून कळवावे. लंपनच्या शेजारी दीड वीत जागा मी रिकामी ठेवली आहे.

– एक ग्रंथपाल, जि. सांगली