फुगडीतला टोमणा कळायला वेळ लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला निषेधगीतांवरचा लेख वाचला. लेखकमहाशयांचे म्हणणे असे की या गीतांत घोषणा असतात, काव्य नसते; अलंकार तिथे शोधूच नयेत. छान! म्हणजे अण्णाभाऊ साठ्यांच्या गाण्यातली गावावर राहिलेली मैना ही मुंबईला पोट भरायला गेलेल्या कुणा एकाची बायको, एवढेच समजायचे? ऐकणारा विरहात रमतो आणि मग त्याला उमगते की ताटातूट खंडित महाराष्ट्राची चालली आहे. वामनदादा कर्डकांनी बिर्ला, बाटा, टाटा एका ओळीत बसवून 'आमचा वाटा कुठाय हो' विचारले, ते यमक काय उगाच जुळले? उत्तर त्यांनी दिलेच नाही. ते ऐकणाऱ्याने स्वतःचा खिसा चाचपून द्यायचे.

पण लेखकांनी एवढ्या लांबही जायला नको. गोव्यात, आमच्या डिचोली तालुक्यात यावे. गेल्या चवथीत गावात फुगड्यांची स्पर्धा झाली, विषय 'निसर्ग'. प्रमुख पाहुणे कोण ते लिहीत नाही. गावचा डोंगर कुणाच्या आशीर्वादाने कापला हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आमच्या वाड्यावरच्या बायकांनी गणपतीचे नाव घेऊन सुरुवात केली आणि मग हळूच चाल बदलली:

डोंगर कापला, बरे केले, चढण आमची सरली गो
झर आटली, बरे झाले, घागर घरीच उरली गो

पाहुणे खूश! 'बरे केले' तेवढे कानावर पडले असावे. टाळ्या पिटून वर 'परत म्हणा' म्हणाले. बायका कसल्या सोडतात! पुन्हा पुन्हा म्हटले, आणि दर वेळी 'बरे केले'वर पाय आणखी जोरात. मंडपातले लोक तोंडाला पदर नि रुमाल लावून बसलेले. शेवटी कुणीतरी पाहुण्यांच्या कानाला लागला. लगेच माईक बिघडला. निकालात शेरा आला, 'सादरीकरण विषयाला धरून नाही'. निसर्ग या विषयात डोंगर आणि झर बसत नाहीत, हे आम्हाला नव्यानेच कळले. माझी सून त्या मंडळात आहे, तेव्हा राग थोडा घरचाही आहे.

वरून स्तुती आणि आतून निंदा, शाळेत याला आम्ही व्याजस्तुती अलंकार म्हणून शिकवायचो आणि पुस्तकातले तेच शिळे उदाहरण फळ्यावर लिहायचो. २०२१ च्या जानेवारीत सत्तरी तालुक्यातल्या शेळ-मेळावलीच्या बायका गावात होऊ घातलेल्या आयआयटीविरुद्ध सरळ उभ्या राहिल्या तर त्यांच्यावर पोलीस घातले. फुगडीवर कसे घालणार? स्तुती केली म्हणून गुन्हा कुठल्या कलमाखाली नोंदवणार? लेखकांनी याचे उत्तर पुढच्या रविवारी जरूर द्यावे.

आणि आपल्या वार्ताहराबद्दल काय बोलावे! दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचा तीन कॉलमी फोटो, शालीसकट. त्या फुगडीबद्दल एक अक्षर नाही. बातमी कशाला म्हणतात?

जाता जाता, ही पुरवणी आमच्याकडे अंकाबरोबर येत नाही. बसस्टँडवरच्या दुकानातून मागून आणावी लागते. वितरक म्हणतो वरूनच येत नाही. आपल्या कार्यालयात फोन केला तर वितरकाला विचारा म्हणतात. तेवढे तरी बघावे.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक, डिचोली