काका, गाडीचा आवाज पाठवतेय

तीर्थस्वरूप काका,

सा. न. वि. वि.

तुम्ही इंदूरच्या मल्हारगंजातलं दुकान आवरून उज्जैनला लेकीकडे राहायला गेलात, त्या दिवशी माझा पेपर होता. घरी आले तर आईनं पत्र्याचा एक डबा पुढे केला. "काका देऊन गेले. म्हणाले, तिचंच आहे." झाकण उघडलं तर आत माझ्या खेळण्यातल्या गाड्यांचे तुटके भाग. पीळ पडलेले अ‍ॅक्सल, दात झिजलेले गिअर, कान तुटलेले युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वळूनही फिरता जोर पुढे नेणारे सांधे). प्रत्येकाची वेगळी पुडी आणि पुडीवर तुमच्या अक्षरात एखादाच शब्द: 'चढ', 'उडी', 'चिखल', 'उलट फिरवताना'. हे सगळं मी तुमच्या दुकानातल्या केराच्या टोपलीत टाकलेलं होतं. सात वर्षं तुम्ही ते वेचून ठेवत होतात आणि मला पत्ताही नव्हता.

त्या दिवशी फोन केला, पण रडू आलं आणि बोलणं झालंच नाही. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आमच्या राजेंद्रनगरातली लहान मुलं माझी गाडी पाहून विचारतात, "ताई, तुला कोणी शिकवलं?" मी म्हणते, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांनी. त्यांना ते खरं वाटत नाही. आता हे पत्रच दाखवीन. तुमचा नातू मोबाईलवर तुम्हाला वाचून दाखवणार आहे, त्याच्याशी तसं ठरलंय.

तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. ब्लाउजांची ऑर्डर अर्धवट पडलेली, आईची पायमशीन टाके सोडत होती आणि तुम्ही खाली बसून पट्टा काढत होतात. मी पॅसेजमध्ये गाडी चालवत होते. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "बेटा, मागे कुठेतरी दात सटकतोय. चालवू नको, आधी बघ."

मी तेव्हा तेरा वर्षांची. ती गाडी म्हणजे आतेभावानं पुण्याहून परदेशी जाताना दिलेल्या लेगोच्या संचाची मोडतोड होती. लेगो म्हटलं की लोकांना घरं बांधायचे रंगीत ठोकळे आठवतात, पण १९७७ पासून त्यांची एक मालिका आहे, आता तिला टेक्निक म्हणतात. तिच्यात भोकं असलेल्या पट्ट्या, अ‍ॅक्सल, गिअर, स्प्रिंगा आणि मोटरी असतात. माझ्याकडे आलेला संच ९३९८ क्रमांकाचा, २०१२ सालचा, १,३२७ तुकड्यांचा. चारही चाकांना जोर देणारा क्रॉलर, म्हणजे दगडाधोंड्यांवर चढणारी गाडी, दोन मोटरी चाकांसाठी आणि तिसरी सुकाणूला. पुस्तकांच्या थप्पीवर चढायचा, पण फार सावकाश. मला हवी होती बग्गी: हलकी, उघड्या सांगाड्याची, मागच्या प्लॉटवरच्या रेतीच्या ढिगावरून भरधाव उतरणारी. वेग हवा म्हणून मी चाकाजवळचे गिअर काढून टाकले आणि मोटरीचा जोर सरळ चाकाला दिला. त्या दिवसापासून मोडतोड सुरू झाली. पॅसेजमध्ये पळणारी गाडी रेतीवर चढली की टक्-टक्-टक् आणि मग एक जॉइंट खलास.

मी प्रत्येक वेळी तुटलेल्या जागी नवा भाग लावायचे. तुटायचा तोच भाग, तिथेच. तुम्ही मशीनचं काम संपवून हात पुसलेत, गाडी उलटी धरलीत आणि एका हातानं चाक घट्ट पकडून मला म्हणालात, "आता मोटर चालू कर." मोटर गुरगुरली. तुमचं दुसरं बोट एकेका अ‍ॅक्सलवरून सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. "इथे हात लाव." लावला. अ‍ॅक्सल धनुष्यासारखा वाकत होता आणि त्याच्यावरचा गिअर शेजारच्या गिअरपासून दूर सरकत होता. म्हणून दात सुटत होते. दोष गिअरचा नव्हता, त्याला धरणाऱ्या चौकटीचा होता. मी अ‍ॅक्सलला एकाच बाजूनं आधार दिला होता. तुम्ही आईच्या मशीनचं तोंड उघडून आतला दांडा दाखवलात. दोन्हीकडून धरलेला, आणि आधार अगदी कामाच्या जागेला लागून. त्या रात्री मी गिअरच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या लावल्या आणि त्या दूर जाऊ नयेत म्हणून वरून एक आडवी पट्टी ठोकली. टक्-टक् थांबलं. मला झोप येईना, इतका आनंद झाला होता.

दुसरी गोष्ट शिकायला मला जास्त दिवस लागले. दात सुटणं थांबलं, पण जॉइंट तुटतच राहिले. दोन रविवार मी तुमच्या दुकानात येऊन बसले. तुम्ही काही समजावून सांगितलं नाही. एक जुनी पायमशीन होती, तिचं खालचं मोठं चाक मला हातानं फिरवायला लावलंत आणि वरचं छोटं चाक तुम्ही दोन बोटांनी धरलंत. खाली मी सगळा जोर लावतेय आणि वर तुम्ही दोन बोटांत ते थांबवताय! "खाली हळू आणि जोरकस, वर वेगवान आणि हलकं. पायाचा जोर घालवून आपण सुईला वेग देतो. तुझ्या गाडीत काय हवंय?" मी म्हटलं, उलटं. "मग ते उलटं कुठे करायचं?"

या प्रश्नावर मी घरी येऊन वहीची पानंच्या पानं भरली. जोर मोटरीपाशी वाढवला तर पुढचा प्रत्येक अ‍ॅक्सल, प्रत्येक जॉइंट तो वाढलेला जोर वाहतो आणि त्यातला सगळ्यात नाजूक आधी जातो. जोर अगदी शेवटी, चाकापाशी वाढवला, तर मधला सगळा रस्ता हलका राहतो. ८ दात्यांच्या गिअरनं २४ दात्यांचा गिअर फिरवला की चाकाला मिळतो तिप्पट जोर, म्हणजे त्याच्या आधीच्या जॉइंटवर भार पडतो चाकावरच्या जोराचा फक्त तिसरा हिस्सा. संच बनवणाऱ्यांनी चाकाजवळ नेमके हेच गिअर ठेवले होते, जे मी अडगळ समजून काढले होते. पुढे कळलं की मर्सिडीजच्या युनिमॉग ट्रकसारख्या खऱ्या गाड्यांतही चाकापाशी असेच गिअर असतात. त्यानं अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यापेक्षा उंच राहतो आणि पोट दगडाला घासत नाही.

मग वेगाचं काय? ते गणितही तुमच्या काउंटरवरच झालं. ही मोटर भार नसताना मिनिटाला सुमारे ३९० फेरे घेते. माझी नवी चाकं सुमारे ८ सेंटीमीटर व्यासाची, म्हणजे एका फेऱ्यात पाव मीटर. चाकापाशी वेग तिसऱ्या हिश्शावर आणणारे ते गिअर ठेवले तर ताशी २ किलोमीटर, फारच कमी. म्हणून मोटरीपाशी २० दात्यांच्या गिअरनं १२ दात्यांचा फिरवला आणि हिशोब ताशी सव्वातीन किलोमीटरच्या पुढे गेला. आणि या प्रयोगांसाठी सांगाडा मोडावा लागला नाही. टेक्निकच्या भोकांमधलं अंतर ८ मिलिमीटर ठरलेलं. दोन घरं दूर असलेल्या त्याच दोन भोकांत ८ आणि २४ दात्यांचे गिअर बसतात, १२ आणि २० बसतात, १६ आणि १६ सुद्धा बसतात. तुम्ही ते तिन्ही जोड स्वतःच्या हातानं बसवून पाहिलेत आणि म्हणालात, "ज्यानं हे माप ठरवलं, तो माणूस कारागीर असणार." तुमच्या तोंडून 'कारागीर' हा शब्द मी फार कमी लोकांसाठी ऐकलाय.

तेलाचं राहिलंच. मशीनचं तेल तुमच्या हाताशीच होतं, मीच म्हटलं घाला. तुम्ही बुधली उचललीत आणि परत ठेवलीत. "मशीन घरात चालतं, तुझी गाडी मातीत. तेलावर धूळ बसली की ती कानशीसारखी घासत राहील." माळव्याची काळी माती तर तुम्ही जाणताच. पावसाळ्यात ती गिअरमध्ये अशी भरायची की चाक फिरायचंच नाही. तेव्हापासून मी प्रत्येक फेरीनंतर भाग सुटे करून कोमट पाण्यात धुते (चाळीस अंशांपेक्षा गरम नको, नाहीतर प्लास्टिक वाकतं) आणि आईच्या जुन्या ब्रशनं दाते साफ करते. कंटाळवाणं काम आहे, पण झीज हातात घेऊन बघायची सवय मला त्यातूनच लागली.

रिमोटचा घोळही तुम्हीच सोडवलात. घरात चालणारा रिमोट दुपारी प्लॉटवर गेला की मुका. तो टीव्हीच्या रिमोटसारखा अवरक्त किरणांचा, आणि भर उन्हात त्या किरणांचा निभाव लागत नाही. तुम्ही दोऱ्याच्या रिळांच्या काळ्या खोक्याचा तुकडा कापून रिसीव्हरला टोपी करून दिलीत. पल्ला थोडा वाढला. बाकी आपण संध्याकाळची वाट पाहायला शिकलो. आता ब्लूटूथ आहे, टोपीची गरज नाही. तरी ती मी जपून ठेवलीय.

बॅटरीचं तर तुमच्या मीटरनंच दाखवलं. सहा पेन्सिल सेल, साधे असले तर ९ व्होल्ट. चार्ज होणारे असले तर ७.२. मला वाटायचं चार्जवाले खराब निघाले. तुम्ही चढावर गाडी धरून दोन्ही मोजलेत. साधे सेल भार पडल्यावर खाली बसत होते, चार्जवाले आपल्या जागी टिकून होते. आमच्या घरच्या खर्चाच्या दृष्टीनं ते मोजमाप फार मोलाचं ठरलं.

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला शिकवली आणि ती मला फार प्रिय आहे. डिफरन्शियल तुम्ही कधी उघडून पाहिलेला नव्हता. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोघांना वेगवेगळं फिरू देणारे हे छोटे गिअर, असं मी सांगत होते आणि तुम्ही स्टुलावर बसून कितीतरी वेळ नुसती चाकं फिरवत होतात. गिऱ्हाईक आलं तर त्याला म्हणालात, "थांबा भिया, मी जरा शिकून राहिलोय." मग तुम्ही एक चाक हवेत धरलंत, दुसरं टेबलावर दाबलंत. हवेतलं गरगर फिरलं, टेबलावरचं ढिम्म. "म्हणजे खड्ड्यात एक चाक उचललं गेलं तर गाडी तिथेच उभी?" हो. तुम्हाला ते एका मिनिटात दिसलं, मला दिसायला महिना गेला होता. मागचा डिफरन्शियल काढून सलग अ‍ॅक्सल टाकायचा निर्णय आपण तिथेच घेतला. फरशीवर वळताना टायर घासतात, पण सुट्या मातीत काही बिघडत नाही.

आणि इंदूरजवळचं पिथमपूर. २००७ पासून तिथे इंजिनिअरिंगच्या मुलांची बाहा स्पर्धा होत आलीय, मुलांनी स्वतः बांधलेल्या एका सीटच्या खऱ्या बग्ग्यांची. अमेरिकेत ही स्पर्धा १९७६ साली सुरू झाली, आणि नाव मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी शर्यतींवरून आलं. ओळखीच्या एका ताईची टीम उतरणार होती, तिनं आपल्याला नेलं. तुम्ही दुकान बंद ठेवून आलात. मला माहीत आहे, तुम्ही दिवाळीखेरीज दुकान बंद ठेवत नव्हता. ताई सांगत होती की इंजिन सगळ्यांना एकच, ३०५ सीसी, दहा हॉर्सपॉवर, आणि शेवटची शर्यत सलग चार तासांची. तुम्ही लगेच विचारलंत, "इंजिन एकच, माती एकच, मग गाड्या मागेपुढे का?" आणि तिनं उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणालात, "मधल्यामुळे." इंजिन आणि चाक यांच्या मधलं. परतीच्या बसमध्ये मी ठरवलं की मी मेकॅनिकल घेणार. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगतेय.

तुम्ही कधी पैसे घेतले नाहीत. आईनं तुमच्या हत्यारांसाठी कप्प्यांची पिशवी शिवून दिली, ती तुम्ही अजून वापरता असं तुमच्या लेकीनं सांगितलं. आईला ते ऐकून बरं वाटलं, तिनं मुद्दाम लिहायला सांगितलंय.

डबा माझ्या टेबलावर आहे. मी सगळ्या पुड्या तारखेच्या नाही, तुमच्या शब्दांच्या हिशोबानं लावल्या. 'चढ'मध्ये अकरा भाग आहेत आणि त्यातले नऊ पहिल्या दोन वर्षांतले. 'उडी' मात्र आजपर्यंत भरत आलीय. म्हणजे चढ आपण सोडवला, उडी अजून नाही. गाडी खाली आपटते तेव्हा स्प्रिंग पूर्ण दबते आणि उरलेला धक्का थेट मागच्या अ‍ॅक्सलला बसतो, असा माझा अंदाज आहे. कडक स्प्रिंगा लावल्या तर छोट्या खड्ड्यांत चाक जमीन सोडतं. सध्या दोन स्प्रिंगांच्या जागी चार मऊ लावून पाहतेय.

पण त्यातून एक नवा आवाज सुरू झालाय. टक्-टक् नव्हे, बारीक कुरकुर, फक्त डावीकडे वळताना, आणि गाडी तापल्यावरच. हातानं चाचपून पाहिलं, काही सापडलं नाही. मोबाईल मागच्या अ‍ॅक्सलजवळ धरून रेकॉर्ड केलाय आणि या पत्राबरोबर तुमच्या नातवाला पाठवलाय. पहिली वीस सेकंद सरळ चाल आहे, मग डावं वळण. शांत खोलीत ऐका आणि कुठून येतोय ते सांगा. दसऱ्याच्या सुट्टीत मी गाडी आणि डबा दोन्ही घेऊन उज्जैनला येतेय.

तुमची,
राजेंद्रनगरातल्या ब्लाउजवाल्या वहिनींची मुलगी