मालिका कधी संपणार, हे आधी सांगा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मराठी मालिकांचा दर्जा घसरला ही तक्रार इतक्या वेळा कानी पडते की तिची धारच बोथट झाली आहे. प्रेक्षक वाहिनीकडे बोट दाखवतो, वाहिनी प्रेक्षकाकडे आणि निर्माता टीआरपीकडे, म्हणजे मालिका किती पाहिली गेली याच्या आकड्याकडे. या दोषारोपांत एक साधी गोष्ट मात्र नजरेआड होते. आजची दैनंदिन मालिका सुरू होते तेव्हा ती कुठे संपणार, हे ती लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते. माझ्या मते घसरणीचे मूळ तिथे आहे, आणि म्हणून पहिली जबाबदारी वाहिन्यांची आहे, कारण मालिका किती चालवायची हे त्याच ठरवतात.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. दूरदर्शनच्या काळात मालिकेला बहुधा १३ भाग मंजूर होत आणि आठवड्याला एक भाग दिसे. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरच्या मालिकेतले दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव आणि बाळ कर्व्यांचे गुंड्याभाऊ आजही लोकांना आठवतात. त्या काळात सगळेच उत्तम होते असे मी म्हणणार नाही. रटाळ कार्यक्रमही पुष्कळ होते, ते आपण विसरलो इतकेच. परंतु १३ भागांत गोष्ट सांगायची म्हटली की लेखकाला शेवट आधी ठरवावा लागे, आणि शेवट ठरला की मधल्या प्रत्येक प्रसंगाला तिथे असण्याचे काही कारण असावे लागे. १९९९ मध्ये अल्फा मराठी (आजची झी मराठी) आली, पाठोपाठ इतर वाहिन्या आल्या, आणि मालिका रोजची झाली. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांहून अधिक भाग झाले. आपण सर्वांनीच त्याचे कौतुक केले, आणि मालिका किती चांगली यापेक्षा ती किती चालली हाच यशाचा निकष होऊन बसला.

रोजची मालिका म्हणजे काय, हे जरा जवळून पाहिले पाहिजे. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की बावीस-तेवीस मिनिटे उरतात. तेवढे चित्रीकरण आठवड्यातले सहा दिवस, आणि काही मालिकांचे सातही दिवस, पुरवावे लागते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे अशी कामाची वाटणी असते, आणि त्या तिघांच्याही वर वाहिनीचे प्रतिनिधी असतात. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. आकडा पडला की ट्रॅक बदलतो, म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत समंजस असलेली जाऊ या आठवड्यात कारस्थानी होते, गेलेला माणूस परत येतो किंवा कथा एकदम सहा वर्षांची लीप घेते. संवाद सेटवर ऐन वेळी हातात पडतात, असे या क्षेत्रातले माझे परिचित सांगतात. एप्रिल २०२१ मध्ये करोनामुळे महाराष्ट्रात चित्रीकरण थांबले, तेव्हा अनेक मराठी मालिकांची युनिट्स काही दिवसांत गोवा, दमण, सिल्वासा अशा ठिकाणी हलली. महामारीतही थांबण्याची मुभा ज्या कामाला नाही, त्यात पुनर्लेखनाला आणि तालमीला वेळ कुठून मिळणार?

याचा परिणाम पडद्यावर कसा दिसतो, याचे एक उदाहरण देतो. अलीकडे एका मालिकेच्या एका भागात देवघरातले निरांजन विझले. सुनेचा चेहरा, मग सासूचा, मग आत्याचा, प्रत्येक चेहरा तीनदा आणि प्रत्येक वेळी ढगांचा गडगडाट. दाराआडून पाहणाऱ्या जावेच्या मनातले विचार आपल्याला मोठ्याने ऐकवले गेले. मग जाहिराती आल्या, आणि परतल्यावर तेच निरांजन पुन्हा विझले. भाग संपेपर्यंत कोणी काडेपेटी शोधलेली नव्हती. यात अभिनेत्रींना दोष देता येत नाही. त्यांतल्या दोघींना मी रंगभूमीवर पाहिले आहे आणि त्या उत्तम काम करतात. एका प्रसंगात बावीस मिनिटे काढायची असली की कोणत्याही गुणी कलावंताचे हेच होणार.

‘आई कुठे काय करते’ ही मालिका २०१९ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि २०२४ च्या नोव्हेंबरात संपली. ती ‘श्रीमयी’ या बंगाली मालिकेवर बेतलेली होती, तरी सुरुवातीला तिने मराठी घरांत एक खरा विषय आणला. घरासाठी आयुष्य वेचलेल्या, पन्नाशीकडे झुकलेल्या बाईचे पुढे काय, हा तो विषय. आमच्या ओळखीच्या कितीतरी गृहिणी त्या मालिकेविषयी पोटतिडकीने बोलत. घटस्फोट आणि स्वतःच्या पायावर उभे राहणे हे टप्पे दाखवून ती वर्ष-दीड वर्षात संपली असती, तर मराठी दूरचित्रवाणीच्या इतिहासात तिचे नाव आदराने घेतले गेले असते. तिला जवळजवळ पाच वर्षे चालवण्यात आले, आणि मूळ प्रश्न नंतरच्या घडामोडींखाली गाडला गेला. विषय निवडण्याची दृष्टी होती, कलाकार होते, प्रेक्षकही होता. फक्त थांबण्याची परवानगी नव्हती.

‘प्रेक्षकांना हेच हवे असते’ हे वाहिन्यांचे ठरलेले उत्तर. ते तपासून घेतले पाहिजे. देशात टीव्ही असलेली घरे वीस कोटींहून अधिक आहेत, आणि टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेची मोजणी यंत्रे त्यांपैकी पन्नास हजारांहून थोड्या अधिक घरांत बसवलेली आहेत. नमुना पाहणी म्हणून त्यात गैर काही नाही. परंतु ते यंत्र संच कोणत्या वाहिनीवर किती वेळ चालू होता आणि समोर घरातले कोण होते, एवढेच नोंदवते. जे पाहिले ते आवडले का, हा प्रश्न ते विचारत नाही. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत असंख्य घरांत टीव्ही चालू असतो, कुणी पोळ्या लाटत असते, कुणी मुलांचा अभ्यास घेत असते. त्या चालू संचाला पसंतीची पावती मानायचे, आणि पसंती आहे म्हणून तेच पुन्हा दाखवायचे, हे चक्र वर्षानुवर्षे फिरते आहे. शिवाय एका वेळी सगळ्याच मराठी वाहिन्यांवर एकाच प्रकारचे घर आणि एकाच प्रकारचे कारस्थान असेल, तर त्याला निवड म्हणता येत नाही.

प्रेक्षक म्हणून आपलीही जबाबदारी आहे, आणि ती मी नाकारत नाही. नावे ठेवत ठेवत रोज पाहणे ही आपली सवय झाली आहे, आणि यंत्राला नावे ऐकू येत नाहीत. परंतु दिवसभर राबून संध्याकाळी टीव्हीसमोर टेकणाऱ्या माणसाला आणि त्या वेळेतून उत्पन्न मिळवणाऱ्या कंपनीला एकाच मापाने दोषी धरणे मला अन्यायाचे वाटते.

आता थोडे वृत्तपत्रांविषयी, कारण हे पत्र मुख्यत्वे त्यासाठीच लिहितो आहे. नवे नाटक आले की आपल्याकडे त्याचे परीक्षण येते, चित्रपटाला तारे मिळतात. परंतु या दोहोंपेक्षा कितीतरी अधिक घरांत जी रोज पोहोचते, त्या मालिकेचे परीक्षण मराठी वृत्तपत्रांत क्वचितच दिसते. दिसतात त्या ‘मालिकेत येणार नवे वळण’, ‘नायिकेचा नवा लूक’ अशा बातम्या, ज्या वाहिनीच्या प्रसिद्धिपत्रकातून उतरल्यासारख्या वाटतात. ज्या कलाप्रकाराची जाहीर समीक्षा होत नाही, त्यातील लेखकाला चांगले लिहिल्याची शाबासकी मिळत नाही आणि वाईट लिहिल्याचा जाबही द्यावा लागत नाही. उरतो तो गुरुवारचा आकडा.

ठरलेल्या लांबीची मालिका मराठीत चालत नाही, असे कुणी म्हणू नये. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ २०१२ मध्ये काही महिन्यांतच संपली आणि आजही लोक तिची आठवण काढतात. रमाबाई रानड्यांच्या आयुष्यावरची ‘उंच माझा झोका’ मालिकाही रोजचीच होती. चरित्राला स्वतःचा शेवट असल्यामुळे तिला भरकटण्याची मोकळीक नव्हती. म्हणून वाहिन्यांनी निदान एका वेळेच्या मालिकेपुरते तरी ‘ही कथा १२० भागांत संपेल’ असे पहिल्या दिवशी जाहीर करावे आणि तो शब्द पाळावा. सह्याद्री ही दूरदर्शनची, म्हणजे सार्वजनिक मराठी वाहिनी आहे. जाहिरातींच्या शर्यतीत पहिले येण्याची सक्ती तिच्यावर नाही, तेव्हा मराठी कथा-कादंबऱ्यांवरील १३ भागांच्या मालिका तिने पुन्हा सुरू कराव्यात. आणि आपल्या वृत्तपत्राने रविवारच्या पुरवणीत एका चालू मालिकेचे परीक्षण छापावे. त्यात लेखक, दिग्दर्शक आणि वाहिनीच्या निर्णयांची नावानिशी चर्चा व्हावी, आणि चांगल्या भागाला चांगले म्हटले जावे. परीक्षणासाठी रोज मालिका पाहणारे जाणते वाचक आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. त्यांना लिहायला सांगून पाहावे, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
सांगली