केऑस म्हणजे नॉइज नव्हे

संपादक महोदय,
स.न.

रविवारच्या अंकातला लेसर डायोडवरचा, म्हणजे छोट्या सेमीकंडक्टर लेसरवरचा लेख वाचला, असा विषय घेतलात याचं खूप बरं वाटलं, पण लेखात केऑस (नियमांतूनच उपजणारा गोंधळ) आणि नॉइज (आपोआप होणारे यादृच्छिक चढउतार) हे एकच समजून लिहिलंय आणि तिथेच गडबड झालीये. स्क्रीनवर लेसरच्या प्रकाशाचा सिग्नल दोन्हींत सारखाच वेडावाकडा दिसतो हे खरंय, मीसुद्धा लॅबमध्ये आठवडाभर करंट आणि टेम्परेचरच्याच मागे लागले होते, शेवटी कळलं की फायबरच्या कनेक्टरवरून थोडासा प्रकाश उलटा लेसरमध्ये शिरत होता. ८ अंश तिरप्या टोकाचा कनेक्टर लावला आणि सिग्नल शांत झाला.

नॉइज हा लेसरच्या अंगातच असतो, काही फोटॉन आपले आपण कधीही सुटतात, तो कमी करता येतो पण शून्य होत नाही. केऑसचं तसं नाही. तो ठरलेल्या नियमांतूनच येतो, परतलेल्या प्रकाशासाठी लँग आणि कोबायाशी या संशोधकांनी १९८० मध्ये समीकरणंसुद्धा मांडलीत. हा प्रकाश जरा उशिरा परत येतो, त्यामुळे आतल्या कॅरिअर्सची (विद्युतभार वाहणाऱ्या इलेक्ट्रॉन वगैरे कणांची) संख्या हलते, ती हलली की लेसरच्या पदार्थाचा अपवर्तनांक बदलतो म्हणजे फ्रिक्वेन्सीपण सरकते, आणि हे चक्र एकदा सुरू झालं की अगदी थोडा परतलेला प्रकाशही लेसरला पार बिघडवू शकतो.

लेखात म्हटलंय करंट वाढवला की गोंधळ जातो. नॉइजपुरतं ते बऱ्यापैकी बरोबर आहे, पण प्रकाश परत येत असेल तर तेवढ्याने केऑस जाईलच असं नाही, तिथे आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावून प्रकाशाची परतीची वाटच बंद करावी लागते. सीडीसारख्या डिस्क वाचणाऱ्या काही यंत्रांमध्ये वेगळीच युक्ती होती, करंट शेकडो मेगाहर्ट्झने हलवायचा, मग लेसरची कोहेरन्स (प्रकाशलहरींची एकसंगती) कमी होते आणि परतलेल्या प्रकाशाचा त्रास घटतो.

आणि केऑसला नियम असतात म्हणूनच तो काबूत आणता येतो! १९९० मध्ये ऑट, ग्रेबोगी आणि यॉर्क यांनी दाखवलं की योग्य क्षणी दिलेला इवलासा धक्का पुरतो, १९९२ मध्ये पिरागस यांनी आत्ताचा सिग्नल आणि थोड्या वेळापूर्वीचा सिग्नल यांतला फरक परत सिस्टीमला देण्याची पद्धत सुचवली. सेमीकंडक्टर लेसरमध्ये अडचण वेगाची येते, चढउतार नॅनोसेकंदाहूनही कमी वेळात होतात, तिथे इलेक्ट्रॉनिक्स मागे पडतं.

विद्यार्थी हे पान कापून ठेवतात, म्हणून पुढच्या अंकात करंटबद्दलचं ते वाक्य तरी दुरुस्त करून छापा ही विनंती.

आपली,
एक वाचक